कोनाचा पोट्टा हाय जी हा?

आमच्या चिखला गावात वेषांतर करता येत नाही. कपडे बदलता येतात, मिशी चिकटवता येते, तोंडाला रंग फासता येतो. फसत मात्र कोणी नाही. तुम्ही दहा तोंडांचा रावण होऊन गोबरवाहीच्या स्टेशनावर उतरलात, तरी पानठेल्यावरचा माणूस नेमक्या मधल्या तोंडाकडे बघून विचारेल, "काहून जी, आज ड्युटी नाही?" आमच्याकडे माणूस चेहऱ्यावरून ओळखत नाहीत. चालीवरून ओळखतात, खोकल्यावरून ओळखतात, अंधारात सायकलच्या चेनकव्हरचा नुसता आवाज ऐकून स्वाराच्या बापाचं नाव सांगतात. आणि एखादा अगदीच अनोळखी निघाला तर आडपडदा न ठेवता विचारतात, "कोनाचा पोट्टा हाय जी हा?" उत्तर मिळालं की विषय संपला. मग तुम्ही कोणाचं सोंग घेतलंय, हे कोणी विचारत नाही.

अशा गावात माझा पुतण्या कॉस्प्ले करतो.

कार्टून, कॉमिक, सिनेमा, व्हिडिओ गेम यांतलं एखादं आवडतं पात्र निवडायचं. त्याच्यासारखे कपडे, केस, हत्यारं महिनोन्‌महिने खपून घरी तयार करायची. आणि ते सगळं अंगावर चढवून कॉमिक कॉन नावाच्या जत्रेत दिवसभर हिंडायचं. दिल्लीच्या दिल्ली हाटात 2011 च्या फेब्रुवारीत आपल्याकडची पहिली कॉमिक कॉन भरली, त्याच वर्षी मुंबईतही खटाटोप सुरू झाला. हे सगळं पुतण्याने माझ्या दादाला, म्हणजे आपल्या बापाला, नीट समजावून सांगितलं. दादाने ऐकून घेतलं. "म्हंजे नाटक हाय?" नाटक नाही. "मंग भाषण बोलाचं रायते?" तेही नाही, नुसतं फिरायचं. "पैसे किती देतेत?" पैसे देत नाहीत, उलट तिकीट काढून जायचं. यावर दादाने माझ्याकडे पाहिलं. घरात शिकलेला मीच, त्यामुळे असल्या गोष्टींचा उगम माझ्यातच असावा असा त्याचा जुना समज आहे.

दादा मॉयल या मँगनीज कंपनीच्या चिखला खाणीत अंडरग्राउंडला आहे. आमचं गावच मँगनीजचं. 1896 साली इंग्रजांनी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट काढली. साहेब लोक या झाडीत दगड फोडत हिंडू लागले. सोला हॅट, खाकी अर्धी चड्डी आणि गुडघ्यापर्यंत मोजे, अशा थाटात भर उन्हाळ्यात भंडारा जिल्ह्यात फिरणारा माणूस पाहिल्यावर आमच्या पूर्वजांना पुढे कशाचंच नवल वाटू नये, असं मला वाटतं. पुढे कंपनीची पाटी बदलली, 1977 साली ती पूर्णपणे सरकारची झाली. आता चिखल्यात जमिनीखालून मँगनीज काढतात आणि शेजारच्या डोंगरी बुजुर्गला उघड्या खाणीतून. डोंगरीचा माल ड्राय सेल बनवायच्या कामी येतो. पुतण्याच्या तलवारीत निळे दिवे लागतात, त्यासाठी मुठीत तीन सेल भरावे लागतात. म्हणजे ती जपानी तलवार आतून थोडीशी भंडारा जिल्ह्यातली असण्याची शक्यता आहे. हे मी दादाला सांगून पाहिलं. त्याने फक्त सेलची किंमत विचारली.

पुतण्याने निवडलेलं पात्र होतं तांजिरो. कोयोहारू गोतोगे यांचं 'डेमन स्लेयर' हे मांगा 2016 साली जपानच्या साप्ताहिकात सुरू झालं आणि 2020 साली संपलं. त्यातला हा नायक. कोळसा विकून पोट भरणाऱ्या घरातला मुलगा. एके रात्री राक्षस येऊन घरच्यांना मारून टाकतो, एक बहीण वाचते पण तिचीच राक्षसीण होते, आणि हा तिला पुन्हा माणसात आणण्यासाठी पाठीवरच्या लाकडी पेटीत बसवून गावोगाव हिंडतो. घरात ही कथा एकालाच कळली, माझ्या आईला. तिने वाती वळता वळता ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे श्रावणबाळ. याच्या कावडीत बहीन हाय." पुतण्या आजीला मिठी मारायचाच बाकी राहिला.

पेहराव वहिनीने केला. तांजिरोच्या अंगरख्यावर हिरव्या-काळ्या चौकटी असतात. तसलं कापड तुमसरला मिळालं नाही, ड्रेपरीवाल्याकडे तर राजा, प्रधान, शिपाई आणि देवी यांच्यापलीकडे माप नव्हतं. शेवटी वहिनीने साध्या हिरव्या कापडावर पट्टी ठेवून काळ्या रंगाने एकेक चौकट रंगवली. धानाचं रोवणं उरकल्यावर दुपारची जी झोप बाईमाणसाच्या वाट्याला येते, तीत हे काम झालं. एवढं करून मुंबईत शाबासकी कोणाला मिळाली, तर पुतण्याला. हा शिरस्ताही जुनाच आहे. 1939 साली न्यूयॉर्कला विज्ञानकथाप्रेमींचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तिथे फॉरेस्ट अॅकरमन नावाचा तरुण भविष्यातल्या माणसाचे कपडे घालून गेला. तो कॉस्प्लेचा आद्यपुरुष म्हणून गाजला. कपडे शिवले होते मोरोजो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मर्टल डग्लसने, आणि ती स्वतःसुद्धा तसाच पोशाख घालून त्याच्या बरोबर फिरत होती. तिची आठवण लोकांना फार उशिरा झाली. वहिनीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "भाऊजी, त्या बाईले काज-बटन तरी मशीनवर करता येत होते का?"

मुंबईला सोबत म्हणून मला धाडण्यात आलं. विदर्भ एक्स्प्रेसची वाट पाहत आम्ही तुमसर रोडच्या फलाटावर उभे होतो. प्लायवूडची पेटी सामानात मावेना म्हणून पुतण्याने ती पाठीला बांधली होती. दोन जणांनी येऊन कुल्फीचा भाव विचारला. तिसऱ्याने विचारलं नाही, सरळ दहाची नोट पुढे केली.

मुंबईच्या त्या प्रचंड हॉलमध्ये शिरल्यावर पहिला अर्धा तास मी तोंड मिटायचं विसरलो होतो. डाव्या हाताला चार बॅटमन रांगेत उभे राहून समोसा खात होते. एक राक्षस आपल्या शेपटीवर कोणी पाय देऊ नये म्हणून ती पोटाशी धरून चालला होता. दारात हत्यारांची तपासणी होती. खरं लोखंड आत नेता येत नाही, त्यामुळे एक गंभीर चेहऱ्याचा रखवालदार पुठ्ठ्याच्या कुऱ्हाडीची धार बोटाने तपासत होता. आतली सगळी शस्त्रं फोमची, पाइपची, थर्माकोलची. गोंदाचा वास सगळीकडे. चित्रकारांच्या टेबलांवर पोस्टर आणि स्टिकर, दुकानांत बोटभर बाहुल्या, आणि त्यांच्या किमती ऐकून बाप मंडळी बाहुलीपेक्षा लहान होताना मी पाहिली. त्या गर्दीत नेहमीच्या शर्ट-पँटमध्ये असलेला मी फार विचित्र दिसत असणार. एका लहान मुलाने माझ्याकडे बोट दाखवून आईला विचारलं, "हे कोण आहेत?" तिने मला नखशिखान्त न्याहाळलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "ते कोणी नाहीत."

आणि तेवढ्यात हॉलच्या त्या टोकाकडून आरोळी आली, "तांजिरो!"

पुतण्या थबकला. एक मुलगा धावत आला, दोघांनी हवेत तलवारी आडव्या धरल्या, तिसऱ्याने फोटो काढला, आणि ना नाव विचारलं ना गाव. दिवसभर हेच. जो येईल तो तांजिरो म्हणून येई, पेटीत डोकावून बहिणीची चौकशी करी आणि निघून जाई. अठरा वर्षं या मुलाला ज्याने हाक मारली त्याने कोणाचा तरी मुलगा, नातू, भाचा म्हणून मारली होती. इथे कोणाला त्याच्या बापाचं नाव ठाऊक नव्हतं, आणि कोणाला त्याची पडलेलीही नव्हती. चिखल्यात तुम्ही कोण झालात ते कोणाला कळत नाही, पण तुम्ही कोणाचे ते सगळ्यांना माहीत असतं. कॉमिक कॉनमध्ये याच्या बरोबर उलट. पोरं दोन-दोन दिवस रेल्वेत घालवून तिथे कशासाठी जातात, याचा उलगडा मला तिथे झाला. सॅन दिएगोला 1970 पासून अशी कॉन भरते, जपानात नागोयाला 2003 पासून जगभरातले कॉस्प्लेवाले जमतात. इतके देश, इतका खर्च, कशासाठी? दोन दिवस बापाच्या नावाशिवाय हिंडता यावं म्हणून. निदान आमच्या घरचं कारण तरी हेच निघालं.

गावात परतल्यावर मात्र या विद्येचा खरा कस लागला, तान्ह्या पोळ्याला.

विदर्भाबाहेरच्यांना तान्हा पोळा सांगावा लागतो. बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा, नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनचा. मुलं लाकडी बैल सजवून, चाकं करकरवत आणतात आणि स्वतःही नाना वेष करून येतात. बैलाला वेगळं बक्षीस, वेषाला वेगळं. त्याच दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी अशा मारबतींचे पुतळे निघतात, त्यांच्यासोबत बडगे असतात. ज्या पुढाऱ्याचा, ज्या महागाईचा राग आला असेल त्याचा पुतळा करून लोक शिव्या देत मिरवतात. कॉमिक कॉनमध्ये आवडत्याचं सोंग घेतात, मारबतीत नावडत्याचं करतात. मला विचाराल तर दुसऱ्या प्रकारात कल्पनाशक्ती जास्त लागते, आणि दरवर्षी नवा विषय आयता मिळतो.

आमच्याकडच्या वेशभूषा स्पर्धेला काही कायदे आहेत. शिवाजी महाराज किमान तीन, झाशीची राणी दोन, भारतमाता एक, डॉक्टर, पोलीस, शेतकरी आणि कोपऱ्यात उन्हाने कोमेजलेलं एक झाड. झाडाच्या पोरग्याला अंगभर खऱ्या फांद्या बांधतात आणि त्याच्या गळ्यात 'झाडे वाचवा' अशी पाटी अडकवतात. परीक्षक तिघे, एक निवृत्त गुरुजी, एक सदस्य आणि तिसरे कोणी तरी जावई. प्रत्येकाने पुढे यायचं, नाव सांगायचं आणि 'वाक्य' बोलायचं. वाक्य नसेल तर गुण कापतात. वाक्य संदेशपर हवं. नुसतं मजेसाठी कोणी काही होत नाही.

पुतणी, वय आठ. ती नेझुको झाली, तांजिरोची तीच राक्षसीण बहीण. गुलाबी ओढणीचा किमोनो, केसांना रिबिनी, आणि तोंडात आडवा बांबू. माणसाला चावू नये म्हणून तिच्या तोंडाला बांबू बांधलेला असतो. मुंबईला ज्या नेझुको पाहिल्या त्यांचे बांबू फोमचे, हिरवा रंग दिलेले. आमच्याकडे बांबूला काय तोटा? बुरडाने अस्सल कोवळा तुकडा कापून, तासून, गाठी ठेवून दिला. लाकडी बैलालाही हिरव्या-काळ्या चौकटींची झूल शिवली.

आता नेझुको बोलत नाही, हा कथेतलाच नियम. पुतणीने तो जिवापाड पाळायचं ठरवलं होतं.

"बेटा, तू कोण?" गुरुजींनी विचारलं.

"हं."

"नाव सांग ना."

"हंम्‌."

"वाक्य बोलतेस का?"

पुतणीने मान हलवली, डोळे वटारले आणि पुन्हा, "हंऽऽ." मागून पुतण्या समजावायला निघाला होता, त्याला मीच ओढून धरलं. परीक्षकांनी माना जवळ आणल्या. एकाने कुजबुजत काही सांगितलं, दुसऱ्याचा चेहरा गंभीर झाला, जावयांनी डोळे पुसले. मग गुरुजी माइकवर गेले आणि त्यांनी भरल्या गळ्याने सांगितलं की आजच्या समाजात मुलीचं तोंड कसं बांधलं जातं, हे या चिमुकलीने एक शब्दही न बोलता दाखवून दिलं आहे. पहिलं बक्षीस, स्टीलचा डबा. टाळ्या थांबेनात. त्यातल्या पुष्कळ बायकांच्या होत्या, आणि त्या मनापासून होत्या. गुरुजींचं काही चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. पुतणीने बांबू न काढता डबा घेतला. घरी आल्यावर पहिला प्रश्न विचारला, "गुरुजींनी डेमन स्लेयर पायलं हाय?"

वर्षाचा दुसरा प्रसंग मंडईचा. भाऊबीजेपासून भंडारा-गोंदियाकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. घरोघर पाहुणे, रस्त्यावर शिंगाड्यांचे ढीग, दुपारी दंडार आणि रात्री नाटक. मंडई म्हणजे आमची कॉनच, फक्त तिथे येणाऱ्यांत निम्मे सोयरीक जुळवायला येतात. पुतण्याला हुक्की आली आणि तो तांजिरोच्या वेषात मंडईत उतरला. कानात पत्त्यांएवढी मोठी कर्णभूषणं, कपाळावर रंगवलेला डाग, कमरेला तलवार. दादा बालाघाटकडच्या एका पाहुण्याबरोबर चहा पीत उभा होता. पाहुण्याने पोराला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोन्या कंपनीत हाय जी?"

पाहुण्याच्या मनात वडशाच्या नाटक कंपन्या. दादाच्या मनात कंपनी एकच.

"नाही लागला अजून. फारम भरला हाय."

"बरं. मंग ड्रेस आधीच देल्ला?"

दादा गप्प झाला. पाहुण्याने आपल्याच मनाशी काही हिशेब केला आणि विचारलं, "रातपाळीच असंल?" "सुरुवातीले तसंच देतेत," दादा म्हणाला. दोघेही समाधानाने पांगले. त्या घरून पुढे निरोप आला नाही, पण नकारही आला नाही.

रात्री नाटक. झाडीपट्टीची रंगभूमी एकदा तरी पाहावी. वडसा-देसाईगंजला कंपन्यांची कार्यालयं, दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम, रात्री दहाला घंटा आणि पहाटे कोंबड्याबरोबर पडदा. या रंगभूमीवरचे डॉ. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. लोक त्यांना प्रेमाने झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात. इथले चाहते म्हणजे खरे चाहते. आवडत्या नटीचं नाव पोस्टरवर दिसलं की घोंगडी घेऊन मोटारसायकलवर तीन जण निघालेच. पण कॉनवाल्यांसारखं नायकाचं सोंग ते घेणार नाहीत. ते नायकाला बक्षीस देतील आणि सुधारतील. मरणाचा प्रसंग ऐन रंगात असतो, नायकाच्या छातीत सुरा रुतलेला असतो आणि माइकवर पुकारा होतो, अमक्या भाऊंकडून एकावन्न रुपये. नायक उठतो, सुरा सावरून नमस्कार करतो, नोट घेतो आणि पुन्हा पडून उरलेलं मरण पुरं करतो. कोणाला काही खटकत नाही. उलट दुसऱ्यांदा जरा बरा मरतो.

गावच्या हौशी मंडळाचं नाटक असेल तर विचारूच नका. राजा सिंहासनावर बसून न्याय करायला लागला की मागून आवाज येतो, "महाराज, दुधाचे पैसे?" आणि राजा संवादाच्या ओघातच "उद्या" म्हणून मोकळा होतो. मुकुट, कल्ले, भरजरी शेला, यातलं काहीही त्या दुधवाल्याच्या नजरेला आडवं येत नाही.

मंडईनंतर पुतण्या काही दिवस विचारात होता. पुढच्या कॉनला त्याने कापड, फोम, गोंद काहीच मागितलं नाही. बापाचं जुनं हेल्मेट घेतलं, टाचा झिजलेले गमबूट घेतले, चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घेतलं. कपाळावरचा दिवा मात्र बाजारातून विकत आणावा लागला, कारण कंपनीचा दिवा पाळी संपली की लॅम्परूममध्ये जमा करायचा असतो, आणि दादा नियमाला पक्का आहे. "मुलगा झाला म्हनून काय झालं," तो म्हणाला, "नंबर माह्या नावावर हाय." पण निघायच्या आदल्या दिवशी त्याने स्वतःहून एक केलं. मँगनीजची काळी पूड पोराच्या हातांवर, गालांवर, मानेवर बोटांनी चोळून दिली. कुठे किती बसते, घामाने ओघळ कसे पडतात, हे त्याच्याइतकं कोणत्या मेकअपवाल्याला ठाऊक असणार? वहिनी म्हणाली, आठ दिवस निघणार नाही. निघालीही नाही.

हॉलमध्ये त्याच्याभोवती एवढी गर्दी मी गेल्या खेपेला पाहिली नव्हती. पाच-सहा जणांनी जाकीट चाचपून पाहिलं. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत चकचकीत चिलखत घातलेला, त्यावर बराच पैसा खर्चलेला एक मुलगा फार वेळ त्याच्या बुटांकडे बघत उभा होता. ही झीज कशी आणली, सँडपेपर की ब्लेड, असं त्याने विचारलं. पुतण्या म्हणाला, बावीस वर्षं. चिलखतवाल्याने आदराने मान डोलावली.

"भाई, कौन सा गेम है?"

"चिखला."

"हां हां, सुना है. अंडरग्राउंड वाला ना? पार्ट टू आया क्या?"

"आया ना," पुतण्या म्हणाला. "डोंगरी बुजुर्ग. वो ओपन वर्ल्ड है."